न पडता मोडलेलं हाड

जळगावात पहाटे साडेपाचच्या सुमारास मेहरूण तलावाकडे गेलात, तर तलाव दिसायच्या आधी बुटांचा आवाज कानावर येतो. भरतीची पोरं-पोरी. कुणी चोपड्याकडची, कुणी पारोळ्याकडची, शहरात खोली करून राहिलेली. जिल्हा पोलिसांत जायचं तर मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले की 20 पैकी 20 गुण. राज्य राखीव पोलीस दलात, म्हणजे आपल्याकडे धुळ्याच्या गट क्रमांक 6 मध्ये जायचं, तर थेट 5 किलोमीटर. एकेका सेकंदावर नोकरी अडकलेली असते, म्हणून सराव रोजचा.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यांच्यातल्या एखाद्याची नडगी दुखायला लागते. ‘शिन पेन झालंय,’ म्हणून मित्र बर्फ लावायला सांगतात. अकॅडमीतले सर म्हणतात, थोडं चालवून घे. घरी आई तेल कोमट करते. दुखणं धावताना वाढतं, थांबलं की कमी होतं, म्हणून पोरगं धावतच राहतं. शेवटी डॉक्टर एक फोटो काढतात, मग दुसरा, आणि सांगतात: हाडाला चीर गेली आहे.

“पण सर, मी पडलोच नाही!”

इथूनच गंमत सुरू होते. तो खरंच पडलेला नाही. गाडीनं उडवलेलं नाही, झाडावरून कोसळलेला नाही. विशीतलं धडधाकट हाड आहे. मग ते मोडलं कसं? आणि त्याहून मोठा प्रश्न: धावल्यानं हाड मजबूत होतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते खोटं की काय?

खोटं नाही. पण त्यात एक अट आहे, आणि ती अट मला माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते.

आधी थोडं मागं जाऊ. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहॉप्ट नावाच्या एका डॉक्टरानं एक विचित्र आजार नोंदवून ठेवला. लांबलांब कवायती करणाऱ्या जवानांची पावलं सुजत होती, टेकवत नव्हती, आणि कुणालाही मार लागलेला नव्हता. त्याला वाटलं, स्नायूंच्या दोऱ्यांना सूज आली असावी. बिचारा दुसरं काय समजणार? आत बघायची सोयच नव्हती. रॉन्टजेननं क्ष-किरण शोधले ते 1895 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत, 1897 मध्ये, स्टेखोव नावाच्या लष्करी डॉक्टरानं अशा पावलांचे एक्स-रे काढले आणि कोडं सुटलं. पावलाची लांबट हाडं चिरली होती. नुसत्या चालण्यानं!

गंमत म्हणजे त्याच प्रशियात, त्याच काळात, एक रेल्वे इंजिनिअर अगदी असल्याच कोड्याशी झटत होता. 8 मे 1842 ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आस चांगला जाडजूड लोखंडी, त्यावर काही वावगं वजनही आलेलं नव्हतं. मग मोडला का? ऑगस्ट व्योलर या इंजिनिअरनं पुढे वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की धातूला एका झटक्यात मोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोर पुन्हा पुन्हा दिला तरी तो मोडतो. लाखो वेळा दिलेला छोटा ताण आत बारीक भेगा पाडत जातो, भेगा वाढत जातात आणि एक दिवस कडाका होतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. आजही रेल्वेत डब्यांचे आस ध्वनिलहरी सोडून तपासतात, ते याच अदृश्य भेगांच्या भीतीनं. भुसावळच्या घराघरात रेल्वेचा माणूस असतो, त्याला विचारा.

हाडही असंच थकतं. हिशेब करून बघू. साठ किलोचा मुलगा रोज सहा-सात किलोमीटर धावतो. एका पावलात मीटरभरापेक्षा थोडं जास्त अंतर जातं असं धरलं तर साधारण सहा हजार पावलं, म्हणजे एका पायाला तीन हजार ठोके. धावताना प्रत्येक ठोक्याला जमीन उलट ढकलते ती शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. वर पोटरीचे स्नायू हाडाला खेचतात ते वेगळंच. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. एका नडगीला पाऊण लाख ठोके! यातला एकही ठोका हाड मोडण्याइतका मोठा नाही. पण प्रत्येक ठोका सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढी एखादी भेग मागे ठेवू शकतो.

मग प्रश्न उलटा होतो. हाड मोडतं कसं, हे नवल नाहीच. नवल हे की आपल्या सगळ्यांचीच हाडं आयुष्यभर मोडत का नाहीत? लोखंडी आस बदलावा लागतो. तुमची नडगी सत्तर वर्षं तीच, आणि रोज वापरात!

उत्तर: ती तीच नसते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्यानं बांधला जातो. आपण ज्याला शरीरातली सगळ्यात निर्जीव, दगडासारखी वस्तू समजतो, तिथं दिवस-रात्र काम चालू असतं.

हे काम चालतं कसं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. हाडाच्या आत, चुनखडीसारख्या कठीण पदार्थात गाडून घेतलेल्या, पेशी असतात. ऑस्टिओसाइट त्यांचं नाव. एका माणसाच्या सांगाड्यात या सुमारे 4,200 कोटी असाव्यात असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रत्येकीला बारीक बारीक फाटे फुटलेले, आणि ते फाटे केसाहून पातळ नळ्यांमधून शेजारच्या पेशीला जाऊन भिडलेले. हे सगळे फाटे एकापुढे एक मांडले तर लांबी भरते सुमारे 1 लाख 75 हजार किलोमीटर. पृथ्वीला चार फेऱ्या मारून उरेल एवढी! तुम्ही पाऊल टाकलं की हाड किंचित, अगदी किंचित वाकतं, नळ्यांमधलं पाणी हलतं, आणि त्या हलण्यावरून पेशीला कळतं की इथं किती भार आला.

आता एखादी सूक्ष्म भेग पडली, तर ती काही नळ्या कापूनच जाते. त्या नळ्यांच्या टोकाच्या पेशी मरतात आणि मरता मरता निरोप सोडतात: बिघाड इथं आहे. त्या निरोपावर नेमक्या त्याच जागी कोण येतं माहीत आहे? हाड खाणाऱ्या पेशी. ऑस्टिओक्लास्ट. रक्तातून आलेल्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून ही एक मोठी पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, कडा सगळीकडून बंद करून घेते आणि त्या बंद जागेत चक्क हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडते. जठरात असतं तेच. त्यानं हाडातला खनिज भाग विरघळतो, उरलेला प्रथिनांचा भाग विकरं खाऊन टाकतात, आणि ही टोळी भेग पडलेला तुकडा पोखरत पोखरत पुढे सरकते. मागोमाग बांधणाऱ्या पेशी येतात, ऑस्टिओब्लास्ट. त्या पोखरलेल्या बोगद्यात आधी मऊ साचा भरतात आणि मग त्यात कॅल्शियम बसत जातं.

आहे ना कमाल? भेग बुजवायची तर शरीर तिच्यावर लांबी लावून मोकळं होत नाही. आधी तो अख्खा भाग खणून काढतं.

आणि खरी मेख इथंच आहे. खणायला लागतात साधारण तीन आठवडे. भरायला लागतात तीन-चार महिने. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा नाजूक असतं! आपल्या शहरातून जाणाऱ्या महामार्गाचं काम आठवा. रस्ता मजबूत करायचा म्हणून खोदला, तोपर्यंत ठीक. पण खोदलेल्या रस्त्यावरूनच केळीचे भरलेले ट्रक पूर्वीच्याच वेगानं, पूर्वीपेक्षा जास्त संख्येनं सोडले तर काय होईल? भरतीच्या पोराची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेमकी या अवस्थेत असते. खोदकाम झालेलं, भराव यायचा बाकी, आणि वाहतूक दुप्पट.

वर एक क्रूर योगायोग. दम लवकर वाढतो. हृदय, फुप्फुसं, स्नायू दोन-चार आठवड्यांत सुधारतात. टायमिंग कमी व्हायला लागतं, पोरगं खूश, सर खूश. म्हणजे ज्या आठवड्यात अंगात सगळ्यात जास्त जोर आल्यासारखा वाटतो, त्याच आठवड्यात हाड सगळ्यात कमजोर असतं. याला कुणाची चूक म्हणायचं? शरीराच्या दोन खात्यांची वेळापत्रकं जुळत नाहीत, एवढंच.

अजून एक ऐका, मला हे वाचून झोप लागली नव्हती. उंदीर-घुशींच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की हाडातल्या पेशी थोड्याच ठोक्यांनंतर बधिर होतात. काही डझन ठोके मिळाले की ‘हाड वाढवा’ हा निरोप जाणं जवळजवळ बंद पडतं, आणि पेशी पुन्हा ताज्या व्हायला आठएक तासांची विश्रांती लागते. माणसाला हे थोड्याफार फरकानं लागू धरलं तर? सकाळच्या तीन हजार ठोक्यांतले पहिले थोडे ठोके हाड घडवतात. उरलेले नुसते झिजवतात.

आता तपासणीकडे येऊ. पोरगा पहिल्याच आठवड्यात एक्स-रे काढून आला आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, हे फार नेहमीचं. त्यात डॉक्टरचं किंवा मशीनचं काही चुकलेलं नसतं. ही चीर इतकी बारीक असते की एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत जे दिसतं, ती बहुधा चीर नसतेच. तिच्याभोवती शरीरानं घातलेलं नवं हाड असतं, पांढुरकं, थोडं फुगलेलं. जखम दिसत नाही, मलमपट्टी दिसते! लवकर कळायचं असेल तर एमआरआय लागतो. त्यात चिरेच्याही आधी हाडात साठलेलं पाणी दिसतं.

पण एमआरआयच्या आधी एक बोट पुरतं. नडगीच्या आतल्या कडेनं वरपासून खाली अंगठा दाबत या. चार बोटं, वीतभर अशा पट्ट्यात सगळीकडेच थोडं थोडं दुखत असेल, तर बहुतेक ते खरोखरच ‘शिन पेन’ आहे, म्हणजे हाडावरच्या आवरणाची सूज. ती आठ-पंधरा दिवस धावणं कमी केलं की बरीच आवरते. पण एका बोटानं ‘इथं, नेमकं इथं’ असं दाखवता येत असेल, तिथं दाबल्यावर पोरगं कळवळत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एक उडी मारता येत नसेल, तर ती चीर समजून चालावं. आणि अशा जागेवर मालिश, लेप, हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेणं यातलं काहीही करू नये. जागेवरून सरकलेलंच नाही ते बसवणार काय?

बहुतेक चिरांचा इलाज ऐकायला अगदीच फिका आहे: थांबा. प्लास्टरही बऱ्याचदा लागत नाही. सहा ते आठ आठवडे धावणं बंद, चालताना दुखत असेल तर कुबड्या, दम टिकवण्यासाठी सायकल किंवा पोहणं, आणि मग आधी चालणं, मग एक दिवसाआड थोडं धावणं. गोळीनं दुखणं दाबून ग्राउंडवर उतरणं हा यातला सगळ्यात वाईट उद्योग. दुखणं हीच त्या खोदलेल्या रस्त्यावरची लाल पाटी आहे, तीच उपटून टाकली तर पुढचं कोण थांबवणार?

थांबणं भल्याभल्यांना चुकत नाही. सचिन तेंडुलकर 1989 च्या पदार्पणापासून सलग 84 कसोट्या खेळला होता. त्याला थांबवलं कुणी? 2001 मध्ये झिम्बाब्वेत, उजव्या पायाच्या अंगठ्याखालच्या वाटाण्याएवढ्या हाडाला गेलेल्या बारीक चिरेनं. श्रीलंकेतली पुढची कसोटी मालिका त्याच्याशिवाय झाली.

पण सगळ्याच चिरा अशा सरळ नसतात. चीर कुठं आहे यावर सगळं अवलंबून. हाडाची एक खोड आहे: दाबाला ते भक्कम, ताणाला त्या मानानं कच्चं. नडगीचं हाड किंचित पुढे कमानदार असतं, त्यामुळे धावताना त्याची मागची बाजू दाबली जाते आणि पुढची ताणली जाते. मागच्या-आतल्या बाजूची चीर दाबाखाली असते, तिची दोन्ही तोंडं एकमेकांवर टेकलेली असतात, ती जुळून येते. पुढच्या बाजूची चीर मात्र प्रत्येक पावलाला उघडते. तिथं रक्तपुरवठाही बेताचा. एक्स-रेत ती आडव्या काळ्या रेघेसारखी दिसते, आणि ती रेघ बघून हाडांच्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते. महिनोन्‌महिने न जुळता राहणारी ही चीर. कधी तिच्यासाठी हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत रॉड टाकावा लागतो. आणि दुर्लक्ष केलं, तर एखाद्या सकाळी धावता धावता नडगी पुरती दुभंगते.

याहून धोक्याची जागा खुब्यात आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालचा दांडा यांना जोडणारी जी मान असते, ती तिरकी. सगळ्या धडाचा भार त्या गोळ्यावर येतो आणि मान वाकायला बघते. खालची बाजू दाबली जाते, वरची ताणली जाते. तेच गणित! खालच्या बाजूची चीर कुबड्या आणि विश्रांतीवर बरी होऊ शकते. वरच्या बाजूची चीर दिसली की डॉक्टर वाट बघत नाहीत, शक्य तितक्या लवकर आत स्क्रू टाकून ती बांधून घेतात. एवढी घाई कशासाठी? कारण खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्याच मानेला चिकटून वर चढतात. चीर पूर्ण फाटून गोळा सरकला, तर वाहिन्याही तुटतात. गोळा उपाशी पडतो, मरतो, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत खचत जातो. मग बाविसाव्या वर्षी खुबा बदलायची वेळ येते.

आणि या चिरेचं दुखणं कसलं? जांघेत थोडं अवघडल्यासारखं. कधी मांडीत, कधी तर गुडघ्यातच. ‘स्नायू खेचला असेल’ असं म्हणून सोडून द्यावं, इतकं साधं. म्हणून धावणाऱ्या पोरा-पोरीनं जांघ दुखते म्हटलं तर मी तरी ते कधीच हलक्यात घेणार नाही.

आतापर्यंतचं वाचून तुम्हाला वाटेल, या हाड खाणाऱ्या पेशीच सगळ्याचं मूळ. त्यांना बंदच करून टाकलं तर? निसर्गानं हा प्रयोग करून ठेवलाय. 1904 मध्ये हॅम्बुर्गच्या आल्बर्स-शोनबर्ग या डॉक्टरानं एका रुग्णाचे एक्स-रे छापले. हाडं संगमरवरासारखी पांढरीशुभ्र, दाट, भरीव. खाणाऱ्या पेशी नीट काम करत नसल्यानं जुनं हाड कधी हटतच नाही, साठत जातं, असा हा जन्मजात आजार. इतकं दाट हाड म्हणजे पोलादच की! पण नाही. अशी हाडं साध्या मारानं मोडतात. जुनं, भेगाळलेलं हाड कितीही साठवलं तरी ते जुनंच.

आणि हाच प्रयोग आपण औषधानं पुन्हा केला. उतारवयात, विशेषतः पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, कारण खाणं जास्त आणि बांधणं कमी होतं. त्यावर ॲलेंड्रोनेटसारखी औषधं आली, जी खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. औषध गुणाचं, त्यानं असंख्य आज्यांचे खुबे आणि मणके वाचवले. पण 2005 पासून डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की वर्षानुवर्षं हे औषध घेणाऱ्या थोड्या जणींचं मांडीचं हाड विचित्र जागी मोडतंय. मधोमध, खडू मोडावा तसं आडवं, उभ्या उभ्या. त्याआधी कित्येक आठवडे मांडी दुखत असते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या मांडीतही तशीच चीर निघते. सुरुवात होते बाहेरच्या बाजूनं, म्हणजे पुन्हा ताणाच्याच बाजूनं. दुरुस्तीची टोळीच घरी बसवल्यावर रोजच्या चालण्यातल्या भेगा साठत गेल्या. मेहरूणला धावणारा वीस वर्षांचा मुलगा आणि घरातल्या घरात चालणारी त्याची आजी, दोघांचं हाड एकाच कारणानं मोडतं: भेगा पडण्याचा वेग भरण्याच्या वेगापुढे गेला! (आजीचं औषध मात्र हे वाचून बंद करू नका. अशी मोड दुर्मीळ आहे, आणि औषधानं टळणाऱ्या मोडी कितीतरी जास्त. मांडी दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, पाच-पाच वर्षं गोळी चालू असेल तर फेरतपासणी करा, एवढंच.)

मग पोरांनी करायचं काय? भरावाचा माल तरी नीट पोचला पाहिजे. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या 5,201 मुलींवर केलेला एक अभ्यास 2008 मध्ये छापून आला. रोज 2,000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व आठ आठवडे दिल्यावर अशा चिरा 20 टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे ऊन काय कमी आहे, असं तुम्ही म्हणाल. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. पण भरतीचं पोरगं उजाडायच्या आत धावून येतं आणि मग दिवसभर अभ्यासिकेत बसतं. ऊन अंगाला लागतं कधी? दूध, तीळ, नागली, हिरव्या भाज्या ताटात हव्यातच, आणि भाकरी पोटभर हवी. वजन उतरवायचं म्हणून उपाशी धावणं हे हाडाशी वैर आहे.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. सरावानं आणि कमी खाण्यानं पाळी दोन-तीन महिने चुकली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणू नका. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घटलं, आणि इस्ट्रोजेन हाच हाड खाणाऱ्या पेशींचा लगाम. तो सुटला की हाड विशीतच पन्नाशीच्या बाईसारखं वागू लागतं. हे सरांना सांगायला संकोच वाटत असेल तर आईला सांगा, पण डॉक्टरकडे जा.

लहानपणी काय खेळलात, यालाही मोठं महत्त्व आहे. इस्राएलच्या सैन्यात असं दिसलं की भरतीच्या आधी निदान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या जवानांना या चिरा निम्म्याहूनही कमी गेल्या. उड्या, वळणं, अचानक थांबणं, यांतून हाडावर सगळीकडून भार येतो आणि ते सगळीकडून जाड होतं. नुसतं सरळ धावून तसं होत नाही. आपल्या शाळांमधले खो-खो आणि कबड्डी हेच काम करत असणार असं मला वाटतं, आणि पटांगणं गेली तशी ही फुकटची तटबंदीही गेली.

इस्राएलच्याच सैन्यानं 1985 मध्ये 295 नव्या जवानांवर चौदा आठवडे बारीक लक्ष ठेवलं होतं, तेव्हा शंभरातल्या एकतीस जणांना अशी चीर निघाली. जवळजवळ दर तिसरा माणूस! पुढे त्यांनी बूट बदलून बघितले, पट्ट्या बदलून बघितल्या, पंचवीस वर्षं खटपट केली. आकडा साठ टक्क्यांहून जास्त खाली आला तो दोन साध्या गोष्टींनी: एकूण चालणं कमी केलं आणि जवानांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली.

अमेरिकेच्या मरीन दलानं तर बारा आठवड्यांतलं एकूण धावणं 55 मैलांवरून 33 मैलांवर आणलं. हाडांच्या चिरा 54 टक्क्यांनी घटल्या, आणि शेवटच्या तीन मैलांच्या परीक्षेत जवान फक्त तीन टक्क्यांनी मागे पडले. अकॅडमी चालवणाऱ्या सरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि भरतीची जाहिरात कधी निघेल याची वाट न बघता पोरांनी हळूहळू, चार-सहा महिने आधीपासून धावायला लागावं, आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी, आणि नडगीवर एका बोटाएवढी जागा दुखायला लागली तर त्याच दिवशी थांबून दाखवून घ्यावं. आठ आठवडे गेले तरी पुढची भरती मिळते.